वाळूच्या वादळात पाल उभं कसं राहतं

मे महिन्यात दुपारी वारं पडतं, अंगाची लाही होते, आभाळाची एक कड काळवंडते आणि एकदम फुफाटा उठतो. मराठवाड्यात त्यानंतरचा पहिला आवाज असतो पत्र्यांचा. पत्र्यावर दगड ठेवलेत म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. दहा फूट बाय तीन फूट, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा साधारण ११ किलोचा भरतो. त्यावर पंधरा-पंधरा किलोचे दोन दगड. झाले ४१ किलो. ताशी ६० किलोमीटरचा वारा खालून घुसला, तर त्याच पत्र्याला वर उचलणारा जोर ४७ किलोच्या आसपास असतो. पत्रा जातो आणि दगडांनाही घेऊन जातो.

जैसलमेरला जीप किंवा मोटरसायकलवर जाऊन वाळवंटात मुक्काम करणाऱ्यांच्या पालाचं गणित हेच आहे. फरक इतकाच, की पत्र्याला निदान स्वतःचं ११ किलो वजन तरी असतं. पाच किलोच्या ताडपत्रीला तेवढंही नाही. वारा पाल ढकलून पाडतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा होतं ते असं: वारा वाऱ्याकडच्या कडेखालून आत शिरतो, पाल आतून फुगतं, वरून वाहणारा वारा छताला आणखी वर ओढतो आणि एक मेख सुटते. एक सुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो. पुढचं सगळं मिनिटभरात आटोपतं. तेव्हा कापड किती जाड, काड्या कुठल्या धातूच्या, हे प्रश्न नंतरचे. वारा खालून शिरतोय का आणि मेख धरतेय का, हे आधी.

वाऱ्याचा जोर किती

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला एका चौरस मीटरवर ४ किलोच्या आसपास भार येतो. ६० ला १७ किलो, ९० ला ३८. म्हणून संध्याकाळी पाल छान ताठ उभं होतं, याला काही अर्थ नसतो.

लग्नाच्या मांडवाला किंवा बाजारातल्या स्टॉलला लावतात तसं चौकोनी, सात फूट उंच आणि दहा फूट रुंद पाल घ्या. त्याच्या एका बाजूचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर. ६० च्या वाऱ्यात त्यावर ११० किलो येतात, ९० च्या वाऱ्यात अडीचशे. हेच पाल चार फूट उंच आणि उतरत्या बाजूंचं केलं, तर भार जवळजवळ निम्म्यावर येतो आणि उतारामुळे वारा वरून निसटतोही. आत उभं राहता येत नाही ही गैरसोय आहेच. वाळवंटात ती सोसायची. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची कोपी रांगत आत जावं लागेल इतकी बुटकी का असते, याचं निम्मं उत्तर वाऱ्यात आहे.

घरं-इमारतींसाठी देशात आयएस ८७५ हे मानक आहे. त्याच्या तिसऱ्या भागात गावागावांचा वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे, म्हणजे साधारण पन्नास वर्षांतून एकदा येईल असा झोत. औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४०. जोधपूर, बिकानेरसाठी ४७ मीटर, म्हणजे ताशी १६९. हे आकडे दहा मीटर उंचीवरचे आहेत, जमिनीलगत वारा कमी असतो. तरीही त्या मुलखात कुठलंच पाल अजिंक्य नाही. ताशी ८०-९० च्या पुढचा इशारा असेल तर पाल गुंडाळून पक्क्या इमारतीत जायचं. त्यात चर्चेला जागा नाही.

वाळू वेगळी, धूळ वेगळी

वादळ म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण अंगावर येणाऱ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

वाळूचा कण जड असतो. वारा ताशी २०-२५ च्या पुढे गेला की तो उड्या मारत पुढे सरकतो, पडतो, पडताना दुसऱ्या कणाला उडवतो. ही उडती वाळू बहुतेक गुडघ्या-कमरेच्या खालीच राहते. उभ्या माणसाच्या पिंढऱ्यांना ती टाचण्यांसारखी टोचते आणि तोंडाला मात्र तेवढी लागत नाही, ते यामुळे. पालाची खालची दीड-दोन फुटांची पट्टी वाळूच्या माऱ्यात असते. चेन अडकते ती तिथलीच, दोरी घासून तुटते ती तिथलीच, आणि कापड पातळ होतं तेही तिथेच.

धूळ पिठासारखी. ती शेकडो मीटर वर चढते, तासन् तास तरंगते, आणि जिथून हवा जाते तिथून तीही जाते. वाळू कडेला अडवता येते. धूळ पूर्ण अडवायची तर हवाच बंद करावी लागेल, आणि ४२-४३ अंशांत ते परवडत नाही. त्यामुळे वाळूसाठी खालची कड बंद करायची, धुळीसाठी नाका-तोंडाची सोय करायची. सगळं काही पालाकडूनच करून घ्यायला गेलं की माणसं आत उबून जातात.

थरच्या वाळवंटात आंधीचा, म्हणजे धुळीच्या वादळाचा, मोसम एप्रिल ते जून. त्यातही दोन जाती. एक म्हणजे उन्हाळ्यातला नैऋत्येचा वारा. तो तासन् तास वाहतो, दिशा सोडत नाही, वाळू सारखी पळवत राहतो. त्याच्यासाठी पालाचं तोंड कुठे करायचं हे आधीच ठरवता येतं. दुसरी जात मेघगर्जनेच्या ढगातून येते. ढगातली थंड हवा खाली आदळते, जमिनीवर चौफेर पसरते आणि समोर धुळीची भिंतच्या भिंत ढकलत नेते. अरबीत याला हबूब म्हणतात. हा खेळ पंधरा मिनिटांपासून तासाभराचा, पण झोत अचानक येतो आणि येतो तो ढग असेल त्या बाजूने. आपल्याकडच्या वळवाच्या आधी येणारं वारं या दुसऱ्या जातीचंच भावंड आहे.

२ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात आलेल्या वादळात शंभरावर माणसं गेली. त्यातले बरेच जण भिंती कोसळून, झाडं आणि खांब पडून गेले. जागा निवडताना हे ध्यानात असावं.

जागा

टेकाड चढून माथ्यावर पाल ठोकायचा मोह होतो, कारण तिथून सूर्यास्त दिसतो. माथ्यावर वारा सगळ्यात वेगाने वाहतो, तिथे नको. मग माणूस टेकाडाच्या मागे, आडोशाला उतरतो. तेही नको. टेकाडाची तीव्र उताराची बाजू ही वाळू ओतायचीच जागा आहे. माथ्यावरून उडालेली वाळू नेमकी तिथे येऊन पडते. वाळू किती जड असते याचा अंदाज नसतो. एका चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर थर बसला की १६० किलो झाले. बसायला जागा हवी ती दोन टेकाडांमधली सपाट, जरा कडक जमीन, टेकाडाच्या पायथ्यापासून चांगली लांब.

कोरड्या ओढ्यात किंवा नाल्याच्या पात्रात मऊ वाळू असते, दोन्ही काठांचा आडोसा असतो, जागा फार सोयीची वाटते. पण आंधीमागून अनेकदा पाऊस येतो, आणि तो आपल्या डोक्यावर पडलाच पाहिजे असं नाही. वर कुठे पडला तरी पात्रात लोंढा येतो.

मातीची किंवा रचीव दगडांची भिंत, जुनं झाड, विजेची तार, पत्र्याचं शेड यांच्या उंचीच्या दीडपट अंतरात झोपायचं नाही.

आडोसा हवाच असेल तर तो झुडपांचा बरा. भरीव भिंत वारा अडवते खरी, पण तिच्यावरून उडी मारलेला वारा मागे भोवरे करतो. झुडूप, काटक्यांचं कुंपण किंवा शेडनेट निम्मा वारा गाळून सोडतं, म्हणून मागचा वारा शांत राहतो आणि आडोसाही लांबवर, म्हणजे आडोशाच्या उंचीच्या आठ-दहापटीपर्यंत, मिळतो. जोधपूरच्या काझरी या संस्थेने, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, वाळू थोपवण्यासाठी झाडांच्या रांगा लावायचं काम अनेक दशकं केलं आहे, त्यामागचं तत्त्व हेच. फक्त आडोशाला खेटून बसू नये, कारण गाळलेली वाळू आधी तिथेच पडते. पाच फुटी झुडपामागे वीस-पंचवीस फूट सोडून पाल ठोकावं.

जीप आडवी लावून तिच्या मागे पाल ठोकायची पद्धत सर्रास दिसते. जीपखालून वारा आणखी जोराने सुटतो आणि नेमका पालाच्या कडेखाली शिरतो. लावायचीच तर पंधरा-वीस फूट पुढे लावा आणि चाकांना जुनी ताडपत्री बांधून खालची फट बंद करा. पालाला आडवी लावायची नसेल तेव्हा गाडीची पाठ वाऱ्याकडे करा, म्हणजे समोरची काच आणि रेडिएटर वाळूच्या माऱ्यातून वाचतात.

कोणतं पाल

बाजारात मिळणारे दोन काड्यांचे घुमटी तंबू वळवाच्या हलक्या वाऱ्याला ठीक आहेत. दोन्ही काड्या माथ्यावर एकदाच एकमेकींना छेदतात. बाजूने दाब आला की घुमट आडवा होतो आणि कापड झोपलेल्याच्या तोंडावर येतं. तीन-चार काड्यांचा, एकापेक्षा जास्त ठिकाणी छेदणारा घ्या. फायबरच्या काड्या उभ्या चिरतात आणि चिरलेली काडी कापड फाडते. ॲल्युमिनियमची वाकते, पण वाकलेल्या भागावर नळीचा तुकडा चढवून रात्र काढता येते. जाळीदार आतल्या भिंतींचा तंबू वाळवंटात बिनकामाचा, सकाळी पांघरुणावर धुळीचा थर मिळतो. बाहेरचं कापड जमिनीला टेकतं का, हेही दुकानात उभं करूनच बघावं. बऱ्याच तंबूंत ते वीतभर वर राहतं, आणि वाऱ्याला वीत पुष्कळ झाली.

अरबस्तानातल्या बेदूंची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांची, काळी पालं बकरीच्या केसांच्या विणीची असतात. बुटकी, लांबट, पाठ वाऱ्याकडे, तणावे, म्हणजे पाल ताणून धरणाऱ्या दोऱ्या, लांबच लांब. वीण सैल असल्याने वारा थोडा गाळला जातो, आणि पावसात केस फुगून भोकं बुजतात. आपल्या धनगरांची घोंगडी याच जातीची हुशारी, फक्त मेंढीच्या लोकरीची. विकत मिळण्यातली गोष्ट नव्हे, पण आकार मात्र उचलण्याजोगा आहे.

चार माणसांसाठी, गावातल्या दुकानात मिळणाऱ्या सामानाचं, तंबूपेक्षा स्वस्त आणि बहुतेक तंबूंपेक्षा दणकट पाल असं होतं:

ताडपत्री १८ बाय १५ फूट, २०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम), चारही कडांना कड्या असलेली. वजन पाच किलो. दोन बांबू, चार फुटांचे, मनगटाएवढे जाड, बुडाखाली द्यायला फळीचे दोन तुकडे. आठ मिलिमीटरची नायलॉनची दोरी ४० फूट, सहा मिलिमीटरची १०० फूट. खताची रिकामी पोती दहा-बारा. एक फावडं. दारासाठी जुनं चवाळं किंवा जाड चादर.

मापं अशी जुळतात. १५ फुटांची बाजू आढ्यावर आडवी टाकली की दोन्हीकडे साडेसात-साडेसात फूट कापड येतं. आढं चार फूट उंच आणि जमिनीवर मध्यापासून कड साडेचार फूट ठेवली की उतारात सहा फूट कापड जातं. उरतं दीड फूट. हे दीड फूट या पालाचा जीव आहे. ते जमिनीवर बाहेरच्या बाजूला लोळू द्यायचं आणि त्यावर वाळू ओढायची. वारा खालून शिरायची वाट तिथेच बंद होते. लांबीतही तसंच: वाऱ्याकडच्या खांबापुढे साडेसात फूट कापड सोडायचं, तेही उतरतं जमिनीला येतं आणि दीड फूट लोळतं. बाकी साडेदहा फूट आढं, आणि वाऱ्याच्या उलट टोकाला दार. वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांत जास्तीचं कापड गोळा होतं. त्याची घडी आत दुमडून दाबायची. घडीचं तोंड वाऱ्याकडे उघडं राहिलं की ती खिशासारखी वारा भरून घेते.

आढ्याला बांबू न घालता जाड दोरीच वापरावी. आडवा बांबू पडला तर डोक्यावर पडतो, शिवाय दोरी झोताबरोबर थोडी लवते. नायलॉन ताणलं जातं, हा इथे गुण आहे: झटका मेखेपर्यंत पोचेपर्यंत थोडा मऊ होतो. काथ्याची किंवा सुती दोरी भिजली की आखडते आणि रात्रीत मेख उपटते. ती असेल तर पावसाआधी जरा सैल करावी लागते.

कडी फाटली किंवा हवी तिथे नसली, तर कापडात लिंबाएवढा गुळगुळीत गोटा आतून धरायचा, बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळायची. ही गाठ कडीपेक्षा जास्त धरते, कारण ओढ एका भोकावर न येता मूठभर कापडावर येते. वाऱ्याकडच्या कोपऱ्यांना कड्या शाबूत असल्या तरी गोटाच बांधावा.

मेख धरते कशी

नेहमीची वीतभर तारेची मेख वाळूत लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच येते. वाळूत मेख ठोकायची नसते, पुरायची असते.

खताच्या पोत्यात ३० किलोच्या आसपास वाळू भरा. तोंड बांधून पोतं आडवं ठेवा आणि दोरी त्याच्या पोटाला, मधोमध, दोन वेढे देऊन बांधा. तोंडाला बांधली की पोतं उभं होतं आणि सरकत वर येतं. दोन फूट खोल खड्डा घ्या, त्यात पोतं पालाला आडवं ठेवा, म्हणजे रुंद बाजू पालाकडे. आता खड्ड्यापासून पालाकडे दोरीसाठी तिरपी चर पाडा. ही चर हमखास विसरली जाते. ती नसली की दोरी खड्ड्यातून सरळ वर येऊन मग वळते, ताण आला की वाळू कापत सरळ होते आणि सकाळपर्यंत तणावा हातभर ढिला. चर पाडून दोरी सरळ रेषेत आली की मग वाळू लोटून पायाने थर-थर तुडवा.

तीस किलोचं पोतं दीडशे किलोचा ताण कसा धरतं? त्याला उपटायचं तर त्याच्या पुढची आणि वरची सगळी वाळू, वर रुंद होत जाणाऱ्या पाचरीसारखी, सोबत उचलावी लागते. म्हणून खोली वजनापेक्षा महत्त्वाची. पोतं फुटभरावरच पुरलं तर ते केवळ एक जड पोतं असतं.

पोती उन्हात वर्षभर पडलेली नकोत. ती हाताने टरकतात.

तणावा जितका आडवा, तितका मेखेला वर खेचणारा भाग कमी. खांब चार फूट असेल तर आढ्याची दोरी खांबापासून निदान सहा ते आठ फुटांवर पुरा. जागा वाचवायला खांबाजवळ पुरलेली मेख सगळ्यात आधी जाते. आढ्याच्या दोन टोकांना दोन पोती, चार कोपऱ्यांना चार, लांब बाजूंना दोन-दोन. लांब बाजूंच्या चारांसाठी पोती कमी पडली तर हातभर लांबीची जाड काठी आडवी पुरूनही चालते.

बांधून झालं की प्रत्येक तणाव्याला अंगाचा सगळा भार टाकून मागे रेला. साठ-सत्तर किलोच्या माणसाला तो सरकला, तर वादळाला नक्की सरकेल. पुन्हा उकरा.

याची तालीम गावातच करता येते. कुठे ना कुठे बांधकामाची वाळू पडलेली असतेच. अर्थात ती जाडी आणि ओलसर असल्याने जास्त धरते. वाळवंटातली कोरडी बारीक वाळू त्याहून दगाबाज, म्हणून तिथे अर्धा फूट आणखी खोल जायचं.

घरच्या जमिनीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. वरून ढेकूळ दगडासारखं लागतं, पण मेख भेगेच्या कडेला बसली तर ढेकळासकट निघते. आणि वळीव पडला की तीच माती लोणी होते. तिथे सोळा मिलिमीटरची सळई किंवा पहार, अडीच-तीन फुटांची, आणि पाऊस थांबताच प्रत्येक मेख पुन्हा तपासायची. मुरमात दीड फुटाची लोखंडी मेख घणाने ठोकली की पुरते. वीतभर मातीखाली पाषाण लागत असेल तर ठोकायच्या नादी न लागता लहान दगडाला दोरी बांधावी आणि त्याच्या पुढे, पालाच्या बाजूला, न उचलणारा धोंडा ठेवावा. ओढ आली की लहान दगड धोंड्याला अडतो.

ठोकायच्या मेखेचं डोकं पालापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं आणि दोरी मातीलगत बांधलेली हवी. वर चार बोटं डोकं शिल्लक ठेवून तिथे बांधलेली दोरी मेखेला तरफेसारखी हलवत राहते.

धुळीची भिंत दिसली की

क्षितिजावर तपकिरी पट्टा जाड होत चाललाय, वारं एकदम पडलंय, घुसमट वाढलीय, आणि मग गार झुळूक येते. झुळूक आली म्हणजे वेळ संपली. भिंत दहा किलोमीटरवर असेल आणि ताशी ६० ने येत असेल, तर हातात दहा मिनिटं असतात. त्यांचा क्रम ठरलेला हवा.

आधी चूल विझवा, नुसती झाकू नका, पाणी किंवा वाळू घाला. उडालेला एक निखारा ताडपत्रीला पुरतो. मग वाऱ्याकडचे तणावे पुन्हा ताठ करा. उसाच्या ट्रॉलीवर दोरी आवळतात तशी, मध्ये फास घेऊन त्यातून दोरी ओवून खाली ओढायची, दोन अर्धगाठी मारायच्या. कडेच्या लोळत्या कापडावर आणखी वाळू ओढा. पाण्याचे २० लिटरचे कॅन आत घ्या आणि वाऱ्याकडच्या दोन कोपऱ्यांत ठेवा. पाणी सुरक्षित राहतं आणि कोपऱ्याला २० किलो वजन मिळतं. फावडं आत घ्या. हे विसरलं तर दारावर साठलेली वाळू हाताने उकरत बाहेर यावं लागतं.

बांधणीवर विश्वास नसेल तर दोन्ही खांब काढून पाल जमिनीवर पाडा, त्यावर वाळू आणि सामान टाका आणि गाडीत बसा. आडव्या कापडाला वारा फारसं काही करू शकत नाही. गाडी रस्त्यावर असेल तर पूर्ण बाजूला घ्या, हँडब्रेक लावा आणि दिवे बंद करा. दिवे चालू ठेवले की मागून येणारा त्यांनाच धरून तुमच्यावर येतो. इंजिन चालू ठेवून बसू नका. वाळूने धुराडं बुजलं की धूर आत येतो.

आत असताना दाराच्या बाजूला बसा, वाऱ्याकडच्या उताराला पाठ लावू नका. कापड फडफडायला लागलं की ते ढिलं झालंय. फाटण्याची सुरुवात त्या फडफडीतून होते, म्हणून आवाज बदलला की आतून आढ्याची दोरी चाचपा. दाराच्या वरच्या कोपऱ्यात वीतभर फट हवीच, खाली नको. तिच्यावर ओलं करून पिळलेलं दुहेरी सुती कापड टांगा. कूलर येण्याआधी दारांना वाळ्याचे पडदे लावून पाणी शिंपडायचे, त्यातलंच हे. चिंब ओलं नको, चिंब कापडातून हवा जात नाही.

नाका-तोंडाला दुपदरी गमछा वाळूला पुरेसा आहे, बारीक धुळीला नाही. दमा असेल किंवा सोबत लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर एन-९५ मास्क आणि इनहेलर खिशात हवेत, गाडीच्या डिकीत असून उपयोग नाही. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढून ठेवा. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं.

धुळीमागून गडगडाट ऐकू आला तर पाल कितीही भक्कम असो, विजेपासून ते काडीचंही संरक्षण देत नाही. बंद काचांची, लोखंडी टपाची गाडी देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर असेल तर आसपास पडणाऱ्या विजा कळतात, पण वाळवंटात रेंज नसते तेव्हा कानच खरे. गडगडाट ऐकू येतोय तोवर गाडीत.

वारं ओसरल्यावर

आधी उताराच्या खोबणीत साठलेली वाळू आतून हलके थापटून खाली सोडा. एकदम दोरी सैल केली तर सगळी आत येते. चेन असेल तर जोर लावून ओढू नका. जुन्या दात घासायच्या ब्रशने दातांतली वाळू झाडा, मग मेणबत्ती घासा. तेल लावणारे पुष्कळ असतात. तेलाला वाळू चिकटते आणि पुढच्या वादळात ती चेन कानशीसारखी स्वतःलाच खाते.

पोती उकरून रिकामी करा आणि घडी करून परत आणा, वाळूत सोडलेलं प्लास्टिक उंट खातात. घरी आल्यावर दोऱ्या साध्या पाण्यात तासभर भिजत घालून खळखळून धुवाव्यात, कारण पिळांत शिरलेले कण प्रत्येक ताणाला आतले धागे कापत राहतात आणि बाहेरून काही दिसत नाही. सावलीत वाळवा, हातातून वीत-वीत सरकवत बघा, आणि जिथे दोरी चपटी किंवा केसाळ लागेल तिथे कापून टाका.